हाझेम एल मस्री: कोपऱ्यातल्या किकची किंमत

टचलाइन

क्रीडा विभागातल्या दुसऱ्या एका धाग्यावर परवा एक मत वाचलं: रग्बीत किक मारणारे आयते गुण गोळा करतात, मार खातात ते बाकीचे. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी पश्चिम सिडनीत राहतो. इथे हिवाळ्यात शाळेच्या फाटकापासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत सगळीकडे रग्बी लीगच्याच गप्पा असतात, आणि मला या खेळाची गोडी लावली ती एका किक मारणाऱ्यानेच.

आधी नियम थोडक्यात, कारण आपल्याकडे रग्बी म्हटलं की बहुतेकांना रग्बी युनियन, म्हणजे या खेळाचा दुसरा प्रकार आठवतो. लीगमध्ये दोन्हीकडे १३ खेळाडू. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात (टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं), तेवढ्यात काही जमलं नाही तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ४ गुण. त्यानंतर कन्व्हर्जनची किक, ती दोन खांबांच्या मधून आणि आडव्या दांडीवरून गेली तर आणखी २. पेनल्टी मिळाली आणि पोस्टवर मारली तर २. चालू खेळात चेंडू जमिनीवर टप्पा पाडून मारला तर फील्ड गोल, त्याचा १ (अलीकडे फार लांबून मारलेल्याला २ देतात).

कन्व्हर्जनची मेख अशी की चेंडू जिथे टेकवला त्या जागेच्या सरळ रेषेतच मागे यावं लागतं. किती मागे यायचं ते तुम्ही ठरवा, पण डावी-उजवीकडे सरकता येत नाही. पोस्टखाली ट्राय झाला तर किक सोपी. कोपऱ्यात झाला तर टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेला चिकटून उभं राहायचं आणि दोन खांब जवळजवळ एकामागे एक दिसत असताना मारायचं.

आता मूळ माणसाकडे. हाझेम एल मस्री १९७६ साली लेबनॉनमधल्या त्रिपोलीत जन्मला. यादवी अजून संपली नव्हती तेव्हा, १९८८ मध्ये, कुटुंब सिडनीला आलं. बेलमोर, लाकेम्बा हा शहराच्या नैर्ऋत्येचा भाग. लेबनीज वस्ती दाट, आणि बेलमोर स्पोर्ट्स ग्राउंड हे कँटरबरी-बँक्सटाउन बुलडॉग्ज या क्लबाचं तेव्हाचं घर. पोरगा आधी फुटबॉल खेळायचा, लीग त्याला इथल्या शाळेत भेटली. १९९६ मध्ये बुलडॉग्जच्या पहिल्या संघात आला आणि २००९ मध्ये निवृत्त झाला तेव्हाही त्याच क्लबात होता. ३१७ सामने, १५९ ट्राय, ८९१ गोल (म्हणजे खांबांमधून गेलेल्या किका), एकूण २४१८ गुण. निवृत्त झाला त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या प्रीमियरशिपच्या, म्हणजे इथल्या मुख्य क्लब स्पर्धेच्या इतिहासात त्याच्याइतके गुण कुणाचेच नव्हते.

या आकड्यांत एक गोष्ट दिसत नाही. पहिले पाच हंगाम किक मारायचं काम मुख्यतः त्याच्याकडे नव्हतंच. बुलडॉग्जकडे तेव्हा डॅरिल हॅलिगन होता. न्यूझीलंडचा, युनियनमधून आलेला, २००० गुणांचा टप्पा ओलांडणारा पहिला माणूस. १९९८ च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये (ग्रँड फायनलच्या आधीची फेरी) पॅरामॅटाविरुद्ध शेवटची अकरा-बारा मिनिटं उरली असताना बुलडॉग्ज १८-२ ने मागे होते. तीन ट्राय झाले, आणि १८-१८ अशी बरोबरी करून देणारी शेवटची किक हॅलिगनने टचलाइनवरून मारली. पुढे जादा वेळेत ते ३२-२० ने जिंकले. असा माणूस संघात असताना दुसऱ्या कुणाच्या हातात चेंडू कोण देणार? एल मस्री विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला धावत राहिला आणि हॅलिगनचं बघत राहिला. २००० मध्ये हॅलिगन थांबला आणि मग टी (चेंडू उभा ठेवायची बैठक), म्हणजे किक मारायचं काम, एल मस्रीकडे आलं. म्हणजे त्या ८९१ मधले बहुतेक गोल शेवटच्या नऊ हंगामांतले.

पुढचं सगळं फार भरभर घडलं. २००२ मध्ये बुलडॉग्ज लागोपाठ १७ सामने जिंकून सगळ्यांच्या पुढे होते, आणि क्लबाने पगाराची कमाल मर्यादा मोडल्याचं उघडकीला आल्यावर गुणतक्त्यातले त्यांचे ३७ गुण कापले गेले. संघ थेट तळाला. मैदानावर खेळलेल्या पोरांच्या वर्षभराच्या मेहनतीवर कार्यालयातल्या हिशेबाने पाणी फिरलं, याचं मला आजही वाईट वाटतं. २००३ मध्ये एल मस्रीने लागोपाठ ३५ किक न चुकता मारून हॅलिगनचाच ३० चा विक्रम मागे टाकला. आणि २००४ मध्ये एका हंगामात ३४२ गुण: १६ ट्राय, १३९ गोल. त्याच वर्षी सिडनी रूस्टर्सविरुद्ध ग्रँड फायनल १६-१३ अशी जिंकली. मध्यंतराला बुलडॉग्ज ६-१३ ने मागे होते.

आता माझा मुद्दा. तो विंगर होता. विंगरचे ट्राय कोपऱ्यात होतात, कारण पोस्टखालची वाट सगळ्यात जास्त लोक अडवून धरतात. म्हणजे हा माणूस टचलाइनच्या कडेकडेने धावत जाणार, तिघांच्या अंगाखालून हात लांब करून चेंडू टेकवणार, उठून श्वास घेणार, आणि त्याच भयंकर कोनातून स्वतःच किक मारणार. त्याच्या यशाची टक्केवारी ऐंशीच्या वर आहे आणि ती सगळे सांगतात. पण त्या टक्केवारीत पोस्टसमोरची किक आणि कोपऱ्यातली किक एकाच भावाने मोजलेली असते. किकर जोखायचा असेल तर किक कुठून मारली हे आधी विचारायला हवं. एवढ्यासाठी धागा.


रानफूल

धागा आवडला. हा खेळ मी फक्त रील्समध्ये पाहिलाय, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. किक मारताना समोरचे आडवे येत नाहीत का? ज्याने ट्राय केला त्यानेच मारायची असा नियम आहे का? आणि चेंडू उभा कसा राहतो? लंबगोल चेंडू, वारा आला की पडत असेल ना?


टचलाइन

रानफूल, प्राथमिक अजिबात नाहीत. समोरचे गोलरेषेच्या मागे उभे राहतात, अंगावर धावून येता येत नाही. किक संघातल्या कुणीही मारावी, ट्राय करणाऱ्यानेच मारायची असं काही नाही. बहुतेक संघांत ठरलेला एक किकर असतो आणि तो अडला तर दुसरा.

चेंडू उभा करायचं म्हणाल तर जुन्या काळी बुटाच्या टाचेने जमीन उकरून मातीचा उंचवटा करायचे. मग वाळू आली. मैदानाबाहेरून एक पोरगा वाळूची बादली घेऊन धावत यायचा, किकर मूठमूठ वाळू ओतून ढीग करायचा, त्याला बोटाने आकार द्यायचा आणि वर चेंडू बसवायचा. आता प्लॅस्टिकची टी आहे. वाऱ्याने चेंडू पडतो कधीकधी. मग एखादा साथीदार आडवा पडून बोटाने धरून ठेवतो.


त्रिकोणमिती

तुमच्या 'कुठून मारली' या प्रश्नाला आकडे लावून बघितले.

लीगचं मैदान ६८ मीटर रुंद, खांबांमधलं अंतर ५.५ मीटर, आणि पोस्ट गोलरेषेवरच. समजा ट्राय टचलाइनपासून ३ मीटर आत झाला. म्हणजे मधल्या रेषेपासून ३१ मीटर बाजूला. सरळ रेषेत २० मीटर मागे आलात तर दोन खांबांच्या मधला कोन साधारण ४.६ अंश मिळतो आणि पोस्टचा मध्य ३७ मीटर लांब असतो. जितकं मागे जाल तितका कोन आधी वाढतो, ३१ मीटरच्या आसपास सर्वांत मोठा म्हणजे सुमारे ५.१ अंश होतो, आणि मग परत कमी होत जातो. पण ३१ मीटर मागे गेल्यावर चेंडूला ४४ मीटर जायचं असतं. अर्ध्या अंशासाठी सात मीटर जास्त. ताकद कमी असेल तर हा सौदा तोट्याचा.

आता पोस्टसमोर २० मीटरवरून: कोन जवळपास १५.७ अंश. म्हणजे तिप्पट मोकळी जागा, आणि अंतरही निम्म्याच्या जवळ.

डोळ्यांसमोर आणायचं असेल तर हात पूर्ण लांब करून मधली तीन बोटं जोडून धरा. तेवढी रुंदी म्हणजे साधारण पाच अंश. एल मस्रीला कोपऱ्यातून तेवढंच दार दिसत असणार.


भीमथडी

तो मूळ प्रतिसाद माझाच होता, म्हणून इथे लिहितो. मत बदललेलं नाही, नीट मांडतो.

८९१ गोल म्हणजे १७८२ गुण. २४१८ पैकी १७८२, म्हणजे चारातले जवळजवळ तीन गुण थांबलेल्या खेळातले. घड्याळाची घाई नाही, अंगावर कोणी नाही. त्रिकोणमितींचा हिशेब बरोबर आहे, पण कोन अवघड आहे म्हणून ती लढाई होत नाही. सर्वाधिक गुणांच्या यादीत नावं बघा: मिक क्रोनिन, हॅलिगन, जेसन टेलर, अँड्र्यू जॉन्स, एल मस्री, आता कॅमरन स्मिथ. सगळे किकर. यात एकही फॉरवर्ड (पुढच्या फळीतला) असा नाही की जो फक्त अंगमेहनतीने वर आला. यादीच किकरांसाठी बनलेली आहे.

आणि मोठ्या क्षणाचं म्हणाल तर माझ्यासाठी जोनाथन थर्स्टन. २०१५ ची ग्रँड फायनल. चालू खेळात, सगळे अंगावर येत असताना, गोल्डन पॉइंटमध्ये (बरोबरीनंतरचा जादा वेळ, पहिला गुण करेल तो जिंकतो) फील्ड गोल, १७-१६. त्याला म्हणतात किक.


टचलाइन

भीमथडी, आलात ते बरं झालं. तुमचं यादीबद्दलचं म्हणणं रास्त आहे. एकूण गुणांची यादी पुढच्या फळीतल्या लोकांना न्याय देत नाहीच.

पण एल मस्रीचे गोल बाजूला ठेवा, एकही धरू नका. १५९ ट्राय उरतात. कँटरबरीसाठी एवढे ट्राय दुसऱ्या कुणी केलेले नाहीत. त्या क्लबात ज्यांची नावं स्टँडना द्यावीत असे लोक होऊन गेलेत, तरीही. किक नसती मारली तरी तो आपल्या क्लबाचा सर्वाधिक ट्राय करणारा ठरला असता. मग त्याला 'थांबलेल्या खेळातला' म्हणायचं कसं?

स्मिथबद्दल बोलायचं तर २०१९ मध्ये त्याने विक्रम मोडला आणि २७८६ गुणांवर थांबला. हजार गोलांच्या पुढे जाणारा तो पहिला. महान खेळाडू, वादच नाही, आणि त्याची खरी थोरवी हूकर (पुढच्या फळीतली एक जागा) म्हणून सामना चालवण्यात आहे. पण तो ४३० सामने खेळला. सामन्यामागे साधारण साडेसहा गुण. एल मस्रीचे ७.६ च्या वर, तेही पहिले पाच हंगाम नियमित किक मिळत नसताना.


लँकेशायरची_सून

टचलाइनदादा, इंग्लंडमध्ये विगनच्या जवळ राहते म्हणून इकडचं सांगते. इथे किकचा विषय निघाला की म्हातारी माणसं दोन नावं घेतात.

पहिलं जिम सलिव्हन. वेल्समधल्या कार्डिफचा, १९२१ मध्ये सतरा-अठराव्या वर्षी विगनला आला. २८६७ गोल. सलग १८ हंगाम, दर हंगामात शंभराच्या वर. १९२५ मध्ये चॅलेंज कपच्या (इकडची बाद पद्धतीची स्पर्धा) सामन्यात फ्लिम्बी अँड फॉदरगिल नावाच्या हौशी संघाविरुद्ध त्याने एकट्याने २२ गोल मारले, विगन ११६-० ने जिंकलं. आणि हे सगळं चामड्याच्या चेंडूने, पाणी पिऊन जड होणाऱ्या. तेव्हाचा इकडचा हिवाळा म्हणजे मैदान नव्हे, चिखल.

दुसरं नाव घेताना आवाज बदलतो. डॉन फॉक्स. त्याचा भाऊ नील फॉक्स हा इंग्लंडचा सर्वांत मोठा गुणवीर, ६२२० गुण, वेकफील्ड ट्रिनिटीचा. १९६८ ची चॅलेंज कप फायनल, वेम्ब्ली, वेकफील्ड विरुद्ध लीड्स. सामन्याआधी आणि मध्ये असा पाऊस पडला की मैदानावर पाणी साचलं होतं, खेळाडू पाण्यावरून घसरत जात होते. नील दुखापतीमुळे बाहेर, म्हणून किकची जबाबदारी डॉनवर. सामनावीराचा लान्स टॉड करंडक डॉनलाच जाहीर झाला होता, इतकं चांगलं खेळला होता तो. अगदी शेवटच्या क्षणी वेकफील्डच्या हर्स्टने पोस्टखाली ट्राय केला, गुणफलक ११-१०. कन्व्हर्जन मारली की कप. पोस्टच्या समोर. त्रिकोणमितींच्या हिशेबात सगळ्यात सोपी. डॉनचा पाय भिजलेल्या गवतावर सटकला, चेंडू बाजूने गेला आणि तो तिथेच गुडघ्यावर बसला. लीड्स जिंकलं.

तो २००८ मध्ये वारला. उत्तम खेळाडू, देशाकडून खेळलेला, पण माणसं त्याला त्या एका किकसाठी ओळखतात. भीमथडी, ही लढाई नाही असं तुम्ही म्हणता. मला तर वाटतं अंगावर कोणी येत नाही हेच अवघड आहे. टॅकल चुकला तर शेजारी बारा जण असतात. इथे कोण आहे?


जिमखाना१५

+१ लँकेशायरची_सून.

मी मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर युनियन खेळलोय, लीग नाही. पण टीवरची किक दोन्हीकडे तीच, म्हणून थोडं पायाच्या बाजूने सांगतो. (युनियनमध्ये एक फरक: किकरने पाऊल उचललं की समोरचे धावत येऊ शकतात. आणि पेनल्टीचे ३ गुण, म्हणून तिकडे किकरचं वजन आणखी जास्त.)

आपल्याकडे रग्बी पावसाळ्यात. जुलैमध्ये चेंडू जर्सीला कितीही पुसा, टीवर ठेवेपर्यंत परत ओला. लोकांचं लक्ष मारणाऱ्या पायाकडे असतं, पण किक बिघडते ती दुसऱ्या पायाने. चेंडूच्या बाजूला जो पाय रोवायचा तो दोन इंच मागे पडला तर चेंडू उचलला जात नाही, पुढे पडला तर पायाचा वरचा भाग नीट बसत नाही. ओल्या जमिनीत तो पाय किंचित सरकतो आणि कंबर उघडते. डॉन फॉक्सचं हेच झालेलं दिसतं. म्हणून चांगले किकर पावलं मोजून मागे येतात, दर वेळी तितकीच. लोकांना तो नखरा वाटतो. पायाला सवय लागावी म्हणून असतं ते सगळं.

दुसरं म्हणजे उजव्या पायाने मारलेली किक हवेत उजवीकडून डावीकडे वळते. त्यामुळे उजव्या पायाच्या किकरला मैदानाची उजवी बाजू नकोशी असते. चेंडू आधी पोस्टच्या बाहेर मारून आत वळेल असा भरवसा ठेवावा लागतो. थर्स्टनची २०१५ ची टचलाइनवरची किक आठवा. त्या बाजूचीच होती.

अजून एक. दमलेल्या अंगाने किक मारणं ही वेगळी विद्या आहे. सरावात ताज्या पायांनी दहापैकी नऊ जातात. ऐंशी मीटर पळून, छातीत धडधड होत असताना तोच पाय जड होतो. एल मस्री स्वतः ट्राय करून लगेच मारायचा हे टचलाइन यांनी लिहिलंय, ते मला सर्वांत मोठं वाटतं. किकर मिडफील्डला उभा असतो तेव्हा त्याला निदान श्वास गोळा करायला वेळ मिळतो.


पॅरामॅटाची_माय

मी पॅरामॅटा ईल्सची, त्यामुळे आधी आमच्या मिक क्रोनिनला नमस्कार. १९७८ मध्ये त्याने एका हंगामात २८२ गुण केले होते आणि तो आकडा वीस वर्षं टिकला. मैदानाबाहेर इतका साधा माणूस की आजही इथे जुनी मंडळी त्याचं नाव प्रेमाने घेतात.

२००९ ची प्रिलिमिनरी फायनल मी स्टेडियममध्ये बसून पाहिली. ७४,५४९ लोक. एवढी गर्दी मी ग्रँड फायनलशिवाय पाहिली नव्हती. अर्धं स्टेडियम निळं-पिवळं, अर्धं निळं-पांढरं. माझ्या पुढच्या रांगेत एक लेबनीज कुटुंब होतं. आजी, हिजाबवर बुलडॉग्जचा स्कार्फ, मांडीवर डबा, आणि दोन नाती ज्यांच्या पाठीवर एल मस्रीचं नाव. सामना हरले तर हा त्याचा शेवटचा सामना हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही २२-१२ ने जिंकलो. मी ओरडून ओरडून घसा बसवला होता, पण शेवटी त्याच्यासाठी आमच्या बाजूचे लोकही उभे राहून टाळ्या वाजवत होते, मीही. आजीने डब्यातली बकलावा आमच्याकडे पुढे केली.

त्या माणसाचं इथल्या लेबनीज, मुसलमान घरांसाठी काय मोल होतं ते बाहेरून कळणं कठीण आहे. २००५ च्या डिसेंबरमध्ये सिडनीतल्याच क्रोनुलाच्या समुद्रकिनाऱ्यावर दंगल झाली, दिसायला मध्यपूर्वेतले वाटतात म्हणून लोकांना मारहाण झाली. मी तेव्हा नवीन होते, आठवडाभर नवऱ्याला म्हणत होते की ट्रेनने नको जाऊस. त्या काळात या शहरात दर शनिवार-रविवारी हजारो लोक, गोरे, पॅसिफिक बेटांवरचे, अरब, सगळे 'एल मॅजिक' म्हणून एका दाढीवाल्या, दारूला न शिवणाऱ्या, धर्म मनापासून पाळणाऱ्या माणसाचा जयघोष करत होते. त्याने भाषणं दिली असतील-नसतील, पण दर आठवड्याला तो मैदानात उभा होता.


टचलाइन

ताई, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. मी त्या सामन्याला नव्हतो, टीव्हीवर पाहिला.

देशाचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. २००० च्या विश्वचषकात तो लेबनॉनकडून खेळला. त्या संघात बहुतेक पोरं ऑस्ट्रेलियात जन्मलेली होती, आजोबांच्या देशासाठी खेळणारी. त्रिपोलीत जन्मलेला एल मस्री त्यांच्यात होता याला वेगळा अर्थ होता. न्यूझीलंडकडून ६४-० असा मार खाल्ला, पण वेल्सविरुद्ध अवघ्या दोन गुणांनी हरले, २४-२२, आणि कुक आयलंड्सबरोबर २२-२२ अशी बरोबरी केली. लेबनॉनचा तो पहिला विश्वचषक. पुढे २००२ मध्ये तो न्यूझीलंडविरुद्ध ऑस्ट्रेलियाकडून एक कसोटीही खेळला.

आणि स्टेट ऑफ ओरिजिन. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड, इथला सर्वांत मानाचा सामना. इतकी वर्षं सगळ्यांच्या पुढे असूनही निवड समितीने त्याला एकदाच बोलावलं: २००७ चा तिसरा सामना, ब्रिस्बेनमध्ये, वय ३१, मालिका आधीच हातची गेलेली. न्यू साउथ वेल्स १८-४ ने जिंकलं. एकच सामना! मला हा अन्याय वाटतो आणि वाटत राहील. त्याच्यापेक्षा वेगवान विंगर होते, उंच विंगर होते, हे खरं. पण ओरिजिनचे सामने दोन-चार गुणांनी फिरतात. त्याच वर्षीचा दुसरा सामना न्यू साउथ वेल्स १०-६ ने हरलं होतं.


भीमथडी

पॅरामॅटाची_माय यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

ओरिजिनच्या निवडीबद्दल टचलाइनशी सहमत. पण मूळ मुद्द्यावर मी तिथेच आहे, आणि माझ्या बाजूने इतिहास आहे. एरिक सिम्सचं नाव कुणीच घेतलं नाही. साउथ सिडनीचा फुलबॅक (सगळ्यात मागे उभा राहणारा खेळाडू), आदिवासी समाजातला, १९६० च्या दशकाच्या शेवटी. तेव्हा फील्ड गोललाही २ गुण होते. टॅकलची मर्यादा नुकतीच आली होती, तीही सहा नव्हे, चारची, मग चौथ्या टॅकलला चेंडू सिम्सकडे द्यायचा, तो उभ्याउभ्या टप्पा पाडून मारणार, २ गुण. १९७० च्या ग्रँड फायनलमध्ये मॅन्लीविरुद्ध त्याने चार फील्ड गोल मारले. त्याच सामन्यात साउथ्सचा कर्णधार जॉन सॅटलर जबडा मोडलेला असताना शेवटपर्यंत खेळला. एकीकडे मोडलेला जबडा, दुसरीकडे चार टिचक्या. १९७१ मध्ये फील्ड गोलची किंमत १ वर आणली. म्हणजे खेळ चालवणाऱ्यांनाच वाटलं की किकला भाव जास्त मिळतोय.


टचलाइन

सिम्स आणलात ते उत्तम, त्याच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा. ज्याच्यामुळे नियम बदलावा लागला असे खेळाडू फार थोडे.

पण त्यातून तुम्ही काढलेला अर्थ मला पटत नाही. भाव कमी केला तो फील्ड गोलचा, कारण त्यामुळे संघ ट्रायच्या मागे लागेनासे झाले होते. कन्व्हर्जनचा भाव तसाच ठेवला, आणि पुढे १९८३ मध्ये ट्राय ३ वरून ४ गुणांचा केला तेव्हाही कन्व्हर्जन २ वरच राहिली. कारण कन्व्हर्जन ट्रायशिवाय मिळतच नाही. कुणीतरी आधी गोलरेषेपर्यंत मार खात गेलेला असतो. किकर चुकला तर त्या माणसाच्या मेहनतीतले दोन गुण वाया जातात. सॅटलरचा जबडा आणि सिम्सची किक एकाच हिशेबातल्या आहेत, वेगळ्या नाहीत.


रानफूल

मी काल रात्री बसून २००४ आणि २०१५ च्या दोन्ही फायनलचे तुकडे पाहिले. २००४ मध्ये शेवटच्या क्षणी बुलडॉग्जच्या अँड्र्यू रायनने रूस्टर्सच्या क्रॉकरला पाडलं ते बघताना मी खुर्चीतून उठले. २०१५ मध्ये थर्स्टनची पहिली किक खांबाला लागून बाहेर येते तिथे व्हिडिओ थांबवला आणि परत मागे नेऊन पाहिला. आता तीन बोटं धरून बघायची सवय लागलीय.

एक विचारते. भीमथडी म्हणतात थर्स्टन, टचलाइन म्हणतात एल मस्री. थर्स्टनची ती टचलाइनवरची किक तर चुकलीच ना? सामना तिथेच संपला असता.


जिमखाना१५

रानफूल, चुकली, पण इंचांनी. थर्स्टनच्या काउबॉइज संघातल्या फेल्टने उजव्या कोपऱ्यात ट्राय केला, सायरन वाजून गेला होता, १६-१६. उजव्या पायाने, उजव्या टचलाइनवरून, चेंडू बाहेरून आत वळत आला आणि खांबाच्या वरच्या बाजूला आपटला. गेली असती तर आजवरच्या सर्वोत्तम किकमध्ये गणली असती. मग गोल्डन पॉइंटच्या किक-ऑफला समोरच्या ब्रॉन्कोज संघातल्या बेन हंटच्या हातून चेंडू सुटला, काउबॉइजना चेंडू समोरच मिळाला आणि थर्स्टनने फील्ड गोल मारला. हुकलेल्या किकनंतर दोन-तीन मिनिटांत परत तोच पाय पुढे करायला काय लागत असेल, ते ज्याने एकदा तरी मारलीय त्यालाच कळेल.


भीमथडी

तेच तर. म्हणून थर्स्टन.


टचलाइन

ठीक आहे, मग माझं उत्तर असं. फील्ड गोल हवा असेल, तेरा जण अंगावर येत असतील, चेंडू कसाही हातात आला असेल, तर मीही थर्स्टनकडेच देईन. पण सायरन वाजून गेलाय, ट्राय कोपऱ्यात झालाय, दोन गुण हवेत आणि मारायला एकच किक आहे, तर टी एल मस्रीकडे. थर्स्टनच्या जागी त्या रात्री तो असता तर चेंडू आत गेलाच असता असं मी म्हणणार नाही. हॅलिगनच्या हाताखाली पाच वर्षं बघून आणि पुढची नऊ वर्षं दर आठवड्याला मारून ज्याने तो कोन आपलासा केला, त्याच्यावर मी पैज लावीन, एवढंच.

त्रिकोणमिती, तुम्हाला एक विनंती. २००४ च्या हंगामातल्या सामन्यांचे व्हिडिओ बरेच उपलब्ध आहेत. १३९ गोल आणि हुकलेल्या किका, प्रत्येक किक मैदानाच्या कोणत्या पट्ट्यातून मारली हे टिपून काढायचं का? मी पहिले सहा सामने घेतो.


त्रिकोणमिती

घेतो. मैदानाचे पाच उभे पट्टे करू, टचलाइनपासून १० मीटरचे दोन बाजूला, मग मधले. मी तक्ता करून इथेच टाकतो. पॅरामॅटाविरुद्धचे सामने पॅरामॅटाची_माय यांनी घ्यावेत.


पॅरामॅटाची_माय

घेते. आमच्याविरुद्धच्या मात्र सगळ्या मोजेन, हुकलेल्या आधी.